माझे बाबा, शब्दमर्यादा दीडशे

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज तीन कागद आले. एक मतदारयादीच्या कामाचा, एक पोषण आहाराची माहिती रोजच्या रोज ऑनलाइन भरा म्हणून, आणि तिसरा निबंध स्पर्धेचा. पालघरच्या एका वाचनालयाने तालुक्यातल्या चौथीच्या मुलांसाठी ठेवली आहे. विषय 'माझे बाबा'. शब्दमर्यादा दीडशे. निबंध शुक्रवारपर्यंत पोचता करायचा.

घोरपडे सर म्हणाले, "चुरी मॅडम, यंदा आपल्या शाळेचं नाव आलंच पाहिजे." सर आमचे मुख्याध्यापक. साताऱ्याकडचे. बारा वर्षं इथे आहेत आणि त्यातली निम्मी बदलीच्या यादीत स्वतःचं नाव शोधण्यात गेली. शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पट एकतीस, गेल्या वर्षी अडतीस होता. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आता आमच्या पाम गावातल्या आतल्या गल्लीपर्यंत येतात. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, अशी आवई दर सहा महिन्यांनी उठते. म्हणून नाव यायला पाहिजे.

चौथीच्या अकरा जणांना फळ्यावर विषय लिहून दिला. अर्ध्या तासाने वह्या पाहिल्या. सहा जणांनी तारीख आणि विषय लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. किंजलने 'माझे बाबा फार चांगले आहेत' हे वाक्य चार वेळा लिहिलं होतं. स्वाती जोंधळेने नुसती रेघ मारली होती, तीही पट्टीने.

अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. माझ्या वर्गातली अक्षरं वळणदार असतात, हे केंद्रप्रमुखसुद्धा मान्य करतात. वाक्य मात्र कुणालाच येत नाही. फळ्यावरचं उतरवतील, खालीवर न करता उतरवतील. पण फळा पुसला की संपलं.

पाठ फार दुखते आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

निबंध मीच लिहिला. सगळेच लिहितात. दुपारी पोरं खिचडी खात होती तेव्हा व्हरांड्यात बसून एका बैठकीत उतरला. लिहिताना आमचे बाबा डोळ्यांसमोर होते. वाडीतून येणारे, हाताला पानवेलीचा हिरवा डाग असलेले. तो डाग मी कारखान्याचा काळा केला, एवढंच.

मधला भाग बरा साधला आहे: 'बाबा कामावरून आले की आधी हातपाय धुतात. मग माझी वही मागतात. त्यांना वाचता येत नाही. पण प्रत्येक पानावरून ते हळूच हात फिरवतात, जणू अक्षरं तापली आहेत की गार आहेत ते बघतात.'

सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कुणाच्या नावावर टाकायचा?"

स्वातीचं अक्षर सर्वांत सुबक. तिच्याच नावावर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्वातीला ऑफिसात बसवून निबंध उतरवून घेतला. ही मूळ जिंतूरकडची. तीन वर्षांपूर्वी आईवडील इथे कामाला आले, एमआयडीसीमागच्या चाळीत खोली आहे. बारीक, शांत मुलगी. सांगितलं तेवढं करते.

अर्ध्यावर आली आणि पेन थांबलं.

"बाई, पप्पांना वाचता येतं."

"असू दे."

"बारावी शिकलेत. मला त्यांनीच वाचायला शिकवलं."

"निबंधात असं चालतं गं. वाचणाऱ्याला बरं वाटतं."

तिने पुढे उतरवलं. एक चूक नाही. शेवटी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारत बसली. मग म्हणाली, "बाई, तुमचा कच्चा कागद मी घरी नेऊ का?"

दिला. पोरीला लिखाणाची गोडी लागत असेल तर चांगलंच आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चार दिवस मतदारयादी घेऊन दारोदार. जुन्या गावात सोपं जातं, घरं ठरलेली. चाळींमध्ये एकेका खोलीत दर वर्षी नवी माणसं. "कौन चाहिए मॅडम? वो तो गये." त्या चार दिवसांत वर्गाने पाढे लिहिले. दुसरं काय सांगून जाणार?

आज पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. स्वातीची आई आली, नर्मदाबाई. पॅकिंगच्या कामावरून तशीच आली होती, डोक्याला जाळीची टोपी. मी म्हटलं, वडिलांची सही लागेल. ती म्हणाली, "त्ये ड्युटीवर हायेत. मीच करती." स्वातीही नेहमी हेच सांगते. या माणसाला सुट्टी कधी असते कोण जाणे. आमच्या घरी तरी वेगळं काय? ह्यांची सेकंड शिफ्ट असली की आठवडाभर आमचं बोलणं फोनवरच.

किंजल स्वातीच्या शेजारी राहते. सांगत होती, "बाई, ती रोज निबंध वाचते घरी. पाठ झालाय तिला. ती बोलते तवा तिची आय रडते."

घरी येताना तेच मनात होतं. मजकूर साधला की तो साध्या माणसालाही भिडतो. इतक्या वर्षांत कुणी माझं लिहिलेलं ऐकून रडलं नव्हतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पहिली आली. तालुक्यात पहिली!

सरांनी पेढे आणले. सरपंचांचा फोन आला. व्हॉट्सअपवर केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी अंगठे पाठवले.

मग पत्र पुन्हा नीट वाचलं. पहिल्या दहा मुलांनी शनिवार, तेरा डिसेंबरला पालघरला यायचं. सकाळी प्रत्यक्ष लेखन. विषय तिथेच मिळेल, अर्धा तास, शिक्षकांनी बाहेर थांबायचं. त्यावरून अंतिम क्रमांक. दुपारी बक्षीससमारंभ आणि विषयाला अनुसरून दहाही मुलांच्या वडिलांचा सत्कार. 'विजेत्यांनी वडिलांसह उपस्थित राहावे.'

वडिलांचं सोपं आहे, रजा टाकतील. पण अर्धा तास ही पोर एकटी काय लिहिणार?

सर म्हणाले, "पंधरा दिवस आहेत. तयार करा तिला."

मंगळवार, २ डिसेंबर

तयार करते आहे. मधल्या सुट्टीत अर्धा तास आणि शाळा सुटल्यावर अर्धा. मी तिला एक साचा दिला आहे. सुरुवातीला निसर्ग. मग विषय. मग एक प्रसंग. मग त्यातून मिळालेली शिकवण. कुठलाही विषय आला तरी बसतो. सुरुवातीची पाच वाक्यं पाठ करून घेतली. 'पूर्वेला तांबूस प्रकाश पसरला होता.' 'पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता.'

काल 'माझी शाळा' विषय दिला. तिने लिहिलं, 'पूर्वेला तांबूस प्रकाश पसरला होता. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता. माझी शाळा.' आणि पेन ठेवलं.

"पुढे?"

"पुढचं तुमी दिलं नाय."

"तुझं लिही ना. तुला शाळेत काय आवडतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर भीती नव्हती, आळस नव्हता. मी नेहमी सांगते तसं आताही सांगेन, याची ती वाट बघत होती.

आज 'माझा वाढदिवस' दिला. तिने 'माझे बाबा' लिहून काढला, अख्खा. मी ओरडले. नको होतं ओरडायला. ती म्हणाली, "बाई, मला हाच येतो."

गुरुवार, ४ डिसेंबर

आज दुपारी तीनपर्यंत माहिती भरली नाही तर नोटीस, असा मेसेज. नेट फक्त ऑफिसच्या खिडकीपाशी येतं. डोकं उठलं होतं. तिसरी-चौथीला म्हटलं, "काय वाट्टेल ते लिहा. मी तपासणार नाही. फक्त गोंगाट नको."

दीड तासाने परत आले तर वर्ग शांत. वीस डोकी खाली. मी दारात उभी राहिले तरी कुणी वर बघितलं नाही.

तपासणार नाही म्हटलं होतं, पण सवय जात नाही. पोरं गेल्यावर वह्या पाहिल्या. पानंच्या पानं. धीरजने त्याच्या काकाची दांडी गावात नवीन बोट आली त्याची गोष्ट लिहिली आहे, इंजिनाच्या आवाजासकट. जागृतीने फुलं तोडताना बोटाला चीक लागतो तो कसा काढायचा ते लिहिलं आहे. शुद्धलेखनाची लक्तरं. 'आमी', 'हाय', 'लय'. लाल पेन उघडून बसले आणि पहिल्या वहीवर तेरा खुणा केल्या.

मग स्वातीची वही आली.

'पप्पाची बस सहाला नाक्यावर येती. मी रोज बगायला जाती. निळी बस हाय. आदी काका लोक उतरतात मंग मावश्या. पप्पा उतरत नाय. ड्रायवर काका आदी मला बोलायचे आज नाय आला बेटा. आता बोलत नाय. मी सातला घरी जाती. आई इचारत नाय कुटं गेलती.'

'बगायला'वर खूण केली. 'मंग'वर केली. 'नाय'चं 'नाही' केलं. मग काय वाचते आहे ते कळलं.

पेन बंद केलं. पण तीन खुणा होऊन गेल्या होत्या. खोडता येत नाहीत.

शुक्रवार, ५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर चाळीत गेले. नर्मदाबाई नुकतीच आली होती. स्वाती नव्हती. सहाला दहा कमी होते, नाक्यावर असणार.

खोली स्वच्छ. भिंतीवर माझा कच्चा कागद, चिकटवलेला, माझ्या अक्षरातला. खाडाखोडीसकट.

नर्मदाबाईने खुर्ची पुसून दिली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तुमाला कळलं व्हय."

जूनमध्ये कंपनीने पंचवीस माणसं कमी केली, त्यात तो होता. महिनाभर रोज डबा घेऊन बाहेर पडायचा, नाक्यावर बसून संध्याकाळी परत यायचा. मग म्हणाला गावी भावाकडे जाऊन येतो, आठ दिवसांत. ते आठ दिवस जुलैतले.

"फोन?"

"आदी वाजायचा. आता वाजत बी न्हाई. दीर म्हनतो हितं हाय, शेतात हाय, बोलंल. बोलत न्हाई." ती पदराने हात पुसत राहिली. "मारहान न्हाई, दारू न्हाई. चांगला मानूस हाय बाई. त्याला लाज वाटती. लाज वाटून वाटून मानूस किती लांब जातो ते बगा."

माझी नजर भिंतीवरच्या कागदावर गेली.

तीही तिकडे बघून म्हणाली, "तुमचा कागूद रोज म्हनती. ऐकवत न्हाई मला. पन मी म्हनलं म्हनू दे. तेवढा यळ तरी घरात बाप असतो तिला."

एकवीस तारखेला या वहीत काय लिहिलं आहे ते मला आठवलं.

सोमवार, ८ डिसेंबर

सरांना सांगितलं. स्वातीला पालघरला नेऊ नये असं मला वाटतं, असंही सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. वाईट माणूस नाही. म्हणाले, "मॅडम, वाईट आहे हो. पण वडील ड्युटीवर आहेत म्हणून सांगायचं. दहांतले चार बाप तरी येणार नाहीत. नाव छापून आलंय शाळेचं. आता पोरगी नेली नाही तर लोक काय म्हणतील? आणि तिला काय वाटेल?"

शेवटचा प्रश्न बरोबर होता. स्वातीलाच विचारलं, यायचं ना? ती लगेच म्हणाली, "हो बाई. पप्पांचा सत्कार हाय."

"पप्पा..."

"आईच्या फोनवरनं पत्राचा फोटो काकाला पाठवलाय. दोन निळ्या रेघा आल्या."

मी साचा बाजूला ठेवला आहे. रोज तिला एवढंच विचारते, काल काय केलंस? आणि म्हणते, तेच लिही. लाल पेन कपाटात टाकलं आहे. ती लिहिते, पाच-सहा ओळी. मी वाचते आणि परत देते. काय म्हणावं ते मला सुचत नाही. चुका सांगण्यापलीकडे मुलांच्या लिहिण्याशी मी कधी बोललेलेच नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण आजचं आजच लिहिलेलं बरं.

बोईसरहून एसटीने गेलो, मी, सर आणि स्वाती. नर्मदाबाईला सुट्टी मिळाली नाही. स्वातीच्या वेण्या घट्ट, रिबिनी नव्या. एसटीत सारखी विचारत होती, जिंतूरहून येणारा माणूस पालघरला कुठल्या बाजूने येईल.

दहाला मुलांना आत घेतलं. आम्ही शिक्षक बाहेर बाकांवर. विषय आतून कुणीतरी मोठ्याने वाचला, 'मला येणारे एक काम'. माझ्या शेजारचे गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "हा कुणी तयारच करून घेतला नाही." अर्ध्या तासाने मुलं आली. स्वातीने किती ओळी लिहिल्या ते सांगितलं नाही. ती आल्या आल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

समारंभ दोनला. दीड वाजला तरी ती दाराशीच. शेजारी एक दुसरी मुलगी वडिलांचं बोट धरून होती. स्वाती तिला सांगत होती, "माजे पप्पा येतायत. गाडी लेट झाली आसंल." स्टेजवर दहा शाली, दहा नारळ मांडून ठेवलेले. प्रत्येक नारळाखाली नावाची चिठ्ठी. सहाव्या नारळाखाली तिच्या वडिलांचं नाव मला खालूनही वाचता आलं.

थोड्या वेळाने ते नाव माइकवरून पुकारणार. ही दाराकडे बघणार. सगळा हॉल दाराकडे बघणार.

मी उठले. सरांनी विचारलं, कुठे? मी सांगितलं नाही.

परीक्षक मागच्या खोलीत होत्या. उषाताई, सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच बसून चहा पीत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "पहिला आलेला निबंध माझा आहे. मुलीचा नाही. तिचे वडील नाहीत इथे. त्यांचं नाव पुकारू नका."

त्यांनी कप खाली ठेवला. "बसा. मला माहीत आहे."

"काय?"

"दहातले आठ निबंध बाईंचे आणि गुरुजींचेच आहेत. मी चाळीस वर्षं वह्या तपासल्यात. दहा वर्षांचं मूल 'जणू' लिहीत नाही."

"मग नंबर का दिलात?"

"खोट्यांत तुमचं बरं होतं. म्हणून तर यंदा सकाळी समोर बसवून लिहून घेतलं." त्यांनी समोरच्या गठ्ठ्यातून वरचाच कागद काढला. नाव नव्हतं, फक्त नंबर होता. "सात नंबर तुमचीच का?"

होती.

"हा मी पहिला काढून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलला नसता तर मला काही करायचं नव्हतं. संशयावर कुणाला बाहेर काढता येत नाही. आता तुम्ही स्वतः सांगितलंत. पहिल्या फेरीत दुसऱ्याचं लेखन असेल तर नाव बाद. नियम मीच केलाय."

मी म्हटलं, "तिची काय चूक?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. आणि कागद माझ्याकडे दिला. "हा घेऊन जा. यात 'इसळायचा' लिहिलंय तिने. दुरुस्त करू नका."

सांगून झाल्यावर मला क्षणभर हलकं वाटलं होतं. ते पुरती दोन मिनिटंही टिकलं नाही.

दोनला नऊ नावं पुकारली. स्वाती माझ्या शेजारी बसली होती. संपल्यावर म्हणाली, "बाई, माजं राह्यलं."

बाहेर आणून चिंचेखाली सांगितलं. जमेल तसं सांगितलं, की निबंध मी लिहिला होता, ते बरोबर नव्हतं, म्हणून मी खरं सांगून टाकलं. मला वाटलं होतं तिला बक्षिसाचं वाईट वाटेल.

"तुमी का सांगितलं?" ती एवढ्या मोठ्याने बोलते हे मला माहीत नव्हतं. "त्यो माजा होता! तुमी मला दिलावता. त्यातले पप्पा माजे होते!"

परतीच्या एसटीत ती सरांशेजारी जाऊन बसली. सरही माझ्याशी बोलले नाहीत.

तो कागद आता समोर आहे. उतरवून ठेवते.

'मला पानी भरता येतं. नळ पाचला येतो. आदी हंडा इसळायचा. पयलं पानी सोडून द्यायचं ते लाल असतं. मंग फडकं लावायचं. पप्पा होते तवा ते हंडा उचलायचे. मला पूर्न हंडा उचलत नाय. मंग मी अर्दा भरती आणि दोनदा जाती. अर्दा भरला तरी पानी तेवडंच होतं फक्त चालनं जास्त होतं.'

रविवार, १४ डिसेंबर

दिवसभर पडून होते. हे विचारत होते बरं नाही का. बरं नाही म्हटलं.

निबंधात लिहिलं की बाबा वही मागायचे, पानावरून हात फिरवायचे. खरं आहे ते. पण वही विश्रामची मागायचे, माझ्या भावाची. माझी कधी मागितली नाही. मी शेजारी बसून बघायची.

म्हणजे मीही तो निबंध स्वतःसाठीच लिहिला होता. तिच्याआधी मलाच तो बाप हवा होता. आणि मग माझ्या मनाला टोचलं म्हणून मी तो तिच्याकडून काढूनही घेतला. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

स्वाती येते, बसते, उठते. विचारलं तेवढंच बोलते. वही उघडत नाही.

घोरपडे सरांनी केंद्रप्रमुखांना फोनवर सांगितलं की मॅडमची तब्येत बरी नसते. कुठल्या तरी ग्रुपवर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक आलं आहे, कुठल्या तरी ग्रुपवर शाळेची टिंगल. पुढच्या वर्षी तिसरीतली दोन मुलं इंग्रजी शाळेत जाणार असं कळलं. ती तशीही जाणार होती. पण सर माझ्याकडे बघून बोलले.

बाकीचे मात्र लिहितात. रोज अर्धा तास, न तपासता. मी पूर्वीइतकीच थकते, फक्त आता वाचून थकते. जागृतीने विचारलं, "बाई, तुमी पन लिवा ना तवा." मी बसते लिहीत. आजचं हे वर्गातच लिहिलं.

सोमवार, २९ डिसेंबर

स्वातीची चार दिवस गैरहजेरी. किंजलला विचारलं. म्हणाली, "आजारी नाय. घरातच हाय. लिवते." काय लिहिते? "दाकवत नाय."

बुधवार, ७ जानेवारी

खिचडीच्या सुट्टीत स्वाती ऑफिसच्या दाराशी आली. पालघरनंतर पहिल्यांदा आपणहून.

"बाई, आमच्या गावाचा पिनकोड कसा शोधायचा?"

"कशाला?"

तिने मग हात पुढे केला. वहीची पानं घडी घालून, वरून वहीच्याच कागदाचं पाकीट. खिचडीतल्या भाताच्या शितांनी चिकटवलेलं, कडा अजून ओल्या. चांगलं जाड होतं. आठ-दहा पानं असतील.

"पप्पाला लिवलंय," ती म्हणाली. "फोन उचलत नाय तर वाचतील तरी."

मी हात पुढे केला, आपोआप. तिने पाकीट छातीशी धरलं.

"तपासायचं नाय."

"नाही तपासत."

"वाचायचं पन नाय."

"नाही वाचत."

तिने मग पाकीट टेबलावर ठेवलं, पण एक हात त्यावरच. खिडकीपाशी जाऊन मी फोनवर पिनकोड शोधला. एकेक आकडा सांगितला, तिने लिहिला. काकाचं नाव, गाव, मु. पो., तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. 'जिल्हा'ला जोडाक्षर कसं काढायचं ते विचारलं, म्हणून सांगितलं. बाकी काही विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

माझ्या पर्समध्ये तिकिटं कुठली? दोघी चालत गावातल्या पोस्टात गेलो. पोस्टातला भिका म्हणाला, हे पाकीट वाटेत उसवेल, चांगलं घ्या. स्वातीने नकार दिला. मग त्याने वरून चिकटपट्टी मारली, वजन केलं, तिकिटं लावली. तिने शिक्का बघायला मागितला. तो म्हणाला, पेटीत टाक, मग दुपारी मारतो.

पेटी बाहेर भिंतीवर, उंच. तिचा हात पोचेना. मी तिला कमरेत धरून उचललं. पाठीत कळ आली. दहा वर्षांची मुलगी, चांगलीच जड. तिने पाकीट फटीत घातलं आणि सोडलं नाही. मी तशीच धरून राहिले. हात भरून आले होते. मग तिने सोडलं.

खाली ठेवल्यावर म्हणाली, "पडलं का आत? आवाज नाय आला."

मी वाकून फटीतून बघितलं.

"अंधार आहे गं. दिसत नाही."

"मंग कळनार कसं?"

"कळणार नाही," मी म्हटलं. "आठ दिवस तरी नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. परत येताना बोटांवर चिकटलेलं शीत खरवडत चालली होती. शाळेच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "आठ दिवस म्हंजी पुडचा बुधवार," आणि वर्गात पळाली.